वाळूत जन्मलेली चिंगी

मंडळी, आमची चिंगी आज शहाणी झाली!

हे कुत्र्याचं पिल्लू आम्ही कोवलमच्या समुद्रकिनाऱ्यावरून आमच्या पेरुंगुडीच्या फ्लॅटमध्ये आणलं. शूसाठी मी रोज वर्तमानपत्र पसरायचे, पण ती जाऊन बसायची थेट तुळशीच्या कुंडीत. आज सकाळी नवरा भडकलाच. "हिला परत सोडून येऊ या."

मग मला वाटलं, जन्मापासून पायाखाली वाळू असलेल्या जिवाला कागद काय कळणार?

शेजारच्या बांधकामावरून वाळू मागून आणली आणि जुन्या टबात भरून बाल्कनीत ठेवली. दुपारी चिंगी आपणहून टबात शिरली आणि मोकळी झाली! नवरा म्हणाला, "हुशार आहे की गं!"

आता घरभर वाळू झालीय आणि मी ती खुशीत झाडतेय. तुमच्या पिल्लाला कशाने जमलं?