काकूंच्या माघारी आणलेला साप

"तुमची हरकत नसेल तर," असं म्हटल्याशिवाय आमचे हे शेजारी लिफ्टमध्ये शिरत नसत. लिफ्ट रिकामी असली तरी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, कोथरूडच्या आमच्या सोसायटीतले सगळ्यांत निरुपद्रवी गृहस्थ. तुमच्याही सोसायटीत असं कोणी असेलच. तर या काकांनी एक दिवस साप आणायला सोबत येता का म्हणून मला विचारलं, तेही माफी मागितल्यासारखं.

लहानपणापासूनची हौस. पण काकूंना सापाचं चित्रसुद्धा सहन व्हायचं नाही. काकू गेल्या, वर्ष उलटलं, आणि मग हे.

"ती जायची वाट बघत होतो, असं वाटत असेल ना तुम्हाला?" रिक्षात त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. ते त्यांना पटलं नसावं.

वारज्यातल्या दुकानाची मालकीण तिशीतली, बोलायला स्पष्ट. आपल्याकडचे साप पाळायला कायद्याने बंदी आहे, परदेशी घेतला तरी सरकारदरबारी नोंद करावी लागते, हे तिने आधीच सांगून टाकलं. काकांची नजर अजगरावर होती. पण नवख्याला कॉर्न स्नेकच बरा, असं तिचं म्हणणं पडलं. बिनविषारी, शांत, खाण्याचे नखरे नाहीत, फार वाढतही नाही. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि जगतो किती, एवढंच विचारलं. पंधरा-वीस वर्षं, ती म्हणाली. काका सत्तरीचे. ते बोटांवर हिशेब करायला लागले, तशी तीच म्हणाली, "पुढे जमलं नाही तर मी परत घेईन, काका."

साप आला. केशरी, करंगळीएवढ्या जाडीचा. हॉलमध्ये काकूंचा फोटो होता, म्हणून सापाची काचेची पेटी आतल्या खोलीत गेली आणि त्या खोलीचं दार कायम लोटलेलं राहिलं. शुद्ध शाकाहारी घरात गोठवलेली उंदरांची पिल्लं आली, त्यांच्यासाठी वेगळा छोटा फ्रीज आला. साप गिळायला लागला की काका पाठ फिरवून उभे राहत. तो मनगटावरून सरकत वर चढला की मात्र त्यांचा चेहरा उजळायचा. मग लगेच ते त्याला पेटीत ठेवून देत.

"बरं वाटलं की तिची आठवण येते," एकदा म्हणाले. "मग लाज वाटते."

काकूंना एकदा सांगून टाका ना, असं मी बोलून गेलो. दोन दिवसांनी जिन्यात भेटले, म्हणाले की फोटोसमोर बसून सगळं सांगितलं.

"मग?"

"चिडली की ती आधीही बोलायची नाही," ते म्हणाले.

तीन वर्षांनी काका झोपेतच गेले. मालकिणीने शब्द पाळला, स्वतः येऊन पेटी घेऊन गेली. महिन्याभराने मी वारज्याला डोकावलो. साप आता चांगला दोन हात लांब झाला होता. उचलू का, मी विचारलं. त्याने आत्ताच खाल्लंय, उचललं तर ओकेल, आज नको, ती म्हणाली. मग पेटीपाशीच उभे राहून आम्ही दोघं काकांविषयी बोलत राहिलो, हळू आवाजात.