दशावताराची जागा

“त्या तक्त्याच्या शेजारीच दशावताराचं चित्र लावा. मासा, कासव, वराह... म्हणजे उत्क्रांतीच की हो!” प्रयोगशाळेच्या दारातून मुख्याध्यापिकाबाई शिपाईकाकांना सांगत होत्या. काकांनी खिळा शोधायला सुरुवातही केली.

उत्क्रांतीचा तक्ता हातात धरून मी उभी होते. मी शाळेत विज्ञानाची नवी शिक्षिका, त्यात मराठीतून वाद घालायचा म्हटलं की जीभ जड होते. टेबलावर गोल शंखाचा ठसा असलेला काळा जीवाश्म पडला होता. आईच्या देवघरात अगदी तसाच शाळिग्राम आहे. तिथे मी त्यावर तुळस वाहते आणि डोळे मिटते. इथे मुलं तसाच दगड भिंगाखाली धरतात, उलटासुलटा करतात आणि विचारतात, “कशावरून, मिस?” मला दोन्ही जागा हव्या आहेत. म्हणूनच त्यांची सरमिसळ नको आहे.

काकांनी खिळा भिंतीला टेकवला.

“बाई,” मी म्हणाले, “ते चित्र प्रार्थनेच्या हॉलमध्ये शोभेल. इथे लावलंत, तर मुलं त्याबद्दलही ‘कशावरून?’ विचारतील, आणि मी त्यांना थांबवणार नाही.”