हर्सूलचा शार्क आणि त्याचा कल्ला

तिकीट काढून, रांगेत ताटकळून मी पंगस बघून आले. पंगस! जो मासा बिडकीनच्या आठवडी बाजारात पोत्यावर बसून मी उभा जन्म कापला, त्याच्यापुढं काच लावली, निळा दिवा लावला आणि वर पाटी ठोकली, ‘जगातला सर्वात लहान शार्क’. लोक मोबाईल वर करून फोटो काढत होते. बाया लेकरांना कडेवर घेऊन दाखवत होत्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

राम राम. आधी एवढं बोलून घेतलं, आता बसा, सगळं सांगते. सुट्टीत लेकरं घेऊन कुणी हर्सूलला ते माशांचं प्रदर्शन बघायला निघत असाल, तर हे वाचून मग निघा.

जायचं कारण माझी नात वैशू. सातवीत आहे. शाळेची सहल त्या प्रदर्शनाला गेली तेव्हा ही तापानं पडून होती. पुढं परीक्षेत प्रश्न आला, जगातला सर्वात लहान शार्क कोणता, त्याची माहिती लिहा. सगळ्या वर्गानं हर्सूलचा लिहिला. हिनं शाळेच्याच कपाटातल्या पुस्तकात वाचलं होतं ते लिहिलं. तो शार्क वीतभर असतो, पुरा वाढला तरी तुमच्या-माझ्या हातावर मावंल एवढा. कोलंबिया आणि व्हेनेझुएला म्हणून देश आहेत, त्यांच्या समुद्रात लई खोल अंधारात राहतो. त्याचं पोट उजेड देतं. वरून झिरपणारा उजेड आणि पोटाचा उजेड एक झाला की खालून बघणाऱ्याला तो दिसतच नाय. अंडी आईच्या पोटातच फुटतात आणि पिल्लं जिती बाहेर येतात. एवढं सगळं लिहिलं पोरीनं.

बाईंनी त्याच्यावर लाल रेघ मारली. बाजूला लिहिलं, ‘मनाचे लिहू नये.’

वैशू म्हणाली, बाई, पुस्तकात आहे. तर बाई म्हणाल्या, उलट बोलतेस, सोमवारी परिपाठाला सगळ्या शाळेपुढं उभी राहा आणि सांग, मी खोटं लिहिलं. पुस्तक काढून दाखवावं तर कपाटाला कुलूप आणि किल्ली बाईंच्याच पर्समधी.

आता माझं ऐका. पोर रडत घरी आली तर मीबी तिलाच बोलले. बाई शिकलेल्या, त्या कशाला चुकतील, तूच काहीतरी डोक्यातनं काढलं असशील. ती जेवली नाय. सकाळी एवढंच म्हणाली, “आजी, बाईंना मासे पुस्तकात कळतात. तुला हातात कळतात. तू तरी जाऊन बघ ना.”

आज रविवार, सकाळीच निघालो दोघी.

बिडकीनच्या थांब्यावर पैठणहून येणारी एसटी मिळते. माझ्यासारखी पंच्याहत्तरी ओलांडली असंल तर तिकीट नाय, फक्त कार्ड जवळ ठेवा, नायतर कंडक्टर वय मोजत बसतो. आमचा कंडक्टर ओळखीचा निघाला.

“आज्जे, टोपलं कुठंय आज?”

“आज मासा बघायला चालले, विकायला नाय.”

“बघायला? तुम्ही?” असा हसला की त्याची शिट्टीच खाली पडली.

रस्त्याचं काम चालूच आहे. खिडकीची जागा धरणार असाल तर तोंडाला फडकं बांधा. कंपन्यांच्या प्लॉटावरची सगळी माती खिडकीतनंच आत येते. शहरात उस्मानपुऱ्याला उतरलो. तिथं आधी पोहे खाल्ले, मग गरम इमरती. वैशूनं अर्धीच खाल्ली. उरलेली मी खाल्ली, कारण भांडायला जायचं तर पोटात काहीतरी पाहिजे.

तिथनं हर्सूल लांब पडतं. दोनदा रिक्षा बदलून स्वस्तात जाता येतं, पण मला ऊन सोसत नाय म्हणून सरळ एकच केली. रिक्षावाल्याला म्हटलं, हर्सूल. तिथं तळंबी आहे आणि मोठा तुरुंगबी. तो म्हणाला, “अम्मा, तालाब पे या जेल में?”

“जेलात अजून जागा झाली नाय माझ्यासाठी. ते मासे ठेवलेत ना, तिथं.”

“अरे, वो छोटा शार्क! मेरे बच्चे भी देख के आये. एकदम डेंजर बोलते.”

“काय डेंजर केलं त्यानं?”

थोडा विचार करून म्हणाला, “कुछ नहीं. बस घूम रा था.”

प्रदर्शन मंडपातच आहे. आत उकाडा लई, पंखे दोनच, पाण्याची बाटली घेऊन जा. तिकीट माणशी ऐंशी रुपये, लेकरांनाबी तेवढंच, हे मला पटलं नाय. पहिल्या टाक्यांमधले रंगीत मासे मात्र चांगलेत, खोटं कशाला बोलू. शार्कची टाकी शेवटाला, म्हणजे माणूस सगळं फिरून तिथं जावा.

मी काचेला नाक लावलं. बोटाएवढे दहाबारा मासे. चंदेरी अंग, अंगावर काळसर पट्टे, पाठीवर उभा पर. लांबनं बघितलं तर शार्कचा भास होतो, हे मान्य. पण तोंडाला मिशा होत्या.

“वैशे, कल्ला बघ.”

बाजारात गिऱ्हाईक मासा घ्यायच्या आधी काय करतं? कल्ल्याचं झाकण उचलून आत लाल आहे का बघतं. जन्मभर मी ते झाकण उचलून दाखवत आले. लाल असंल तर ताजा, करडा पडला असंल तर कालचा. या माशांच्या गालावर तेच झाकण उघडत होतं, मिटत होतं. एका बाजूला एक, बस. आता मुशीचं सांगते. मुंबईकडनं बर्फात घालून कधीमधी मुशी येते आमच्या बाजारात. तिला असलं झाकण नसतं. गालामागं नुसत्या चिरा, एका बाजूला पाच. मी किती मुश्या कापल्या, पण मुशी म्हणजेच शार्क, हे मला माहीत नव्हतं. ते वैशूनं तिथं उभ्याउभ्या सांगितलं.

“मग तुझ्या त्या वीतभराला?”

“त्यालाबी पाच, आजी. चित्रात मोजल्यात मी.”

मला माझ्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. जे हाताला ठाऊक होतं ते मी घरी पोरीला विचारलंसुद्धा नाय. बाई शिकलेल्या म्हणून गप बसले.

तिथल्या मालकाला बोलवायला लावलं. पस्तिशीचा माणूस, गळ्यात ओळखपत्र, हातात जाळी.

“हा शार्क आहे का?”

“हो मावशी. सर्वात लहान.”

“लहानच असणार, अजून पिल्लू आहे ते. आमच्याकडं पाच-पाच किलोचा येतो, रश्श्याला चांगला लागतो. पंगस म्हणतात त्याला.”

आजूबाजूची दोनचार माणसं हसली. तो जवळ येऊन हळू बोलायला लागला. “मावशी, शोभेच्या माशांच्या बाजारात याला शार्क म्हणूनच विकतात. मासेवाल्यानं त्याच नावानं दिला.”

“मी हिला कलेक्टर म्हणून हाक मारली तर हिला दिव्याची गाडी मिळंल का रे? आणि खरा लहान शार्क खोल गार पाण्यातला. तुझ्या या दोन पंख्यांच्या मंडपात एक दिवस तरी जगंल का तो?”

मग वैशूनं त्याला सगळं सांगितलं. शाळेचं नाव, लाल रेघ, सोमवारचा परिपाठ. ऐकता ऐकता त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, “तुमच्या बाई चष्म्यावाल्या का? उंच?”

“व्हय.”

“त्यांनी मला विचारलं होतं, हा खरंच शार्क आहे का म्हणून. मी सांगितलं, नाही मॅडम, पंगसच आहे, घरी मासे पाळणारे हौशी लोक शार्क म्हणतात. त्या म्हणाल्या, आता पोरांनी वहीत लिहून घेतलंय, राहू द्या.”

राहू द्या!

तोपर्यंत मी त्याच्यावर चिडले होते. तो लबाड खरा, पण पोटासाठी लबाड. बाईंना माहीत होतं. माहीत असून त्यांनी प्रश्न काढला, माहीत असून रेघ मारली आणि माहीत असून माझ्या पोरीला सगळ्या शाळेपुढं खोटारडी म्हणवून घ्यायला निघाल्या. का, तर चाळीस वह्या खोडायच्या जिवावर आलं.

त्याला म्हटलं, लिहून दे. नाय नाय करत होता. मग मी मोठ्यानं लोकांना पंगसाचा रस्सा कसा करायचा ते सांगायला लागले. आधी हळद-मीठ चोळायचं, इथपर्यंत आले तोवर त्यानं पेन काढलं. तिकिटाच्या मागं लिहून दिलं, हा मासा पंगस आहे, शार्क नाही, हे सहलीच्या दिवशी मॅडमना सांगितले होते. खाली सही केली. पाटी मात्र काढली नाय, तोंड भिंतीकडं करून ठेवली. आम्ही गेल्यावर परत फिरवली असंल, मला खात्री आहे.

परतीला एसटीत उभं राहून आलो. वैशू तिकीट मुठीत धरून होती. मी तिला म्हटलं, “त्या दिवशी तुला बोलले, ते माझं चुकलं.” ती म्हणाली, “बरं.” तेवढंच. घरी आल्यावर दोन भाकरी खाल्ल्या तिनं.

प्रदर्शन बघावं का, असं विचाराल तर रंगीत माशांसाठी बघा, शेवटच्या टाकीपुढं लेकराला खरं काय ते सांगा. माझ्याजवळ आजच्या दिवसातनं राहिलं ते एवढंच, की जगात कुठंतरी काळ्या पाण्यात वीतभर जीव पोटाचा दिवा लावून फिरतोय. त्याला बाईंच्या लाल रेघेची काय पडली आहे? पण माझ्या पोरीला पडली आहे.

उद्या सोमवार. परिपाठाला मीबी येणार, टोपल्यात ताजा पंगस घेऊन. सगळ्या शाळेपुढं त्याचा कल्ला मी उचलून धरीन. झाकणं किती, चिरा किती, आणि ‘राहू द्या’ कोण म्हणालं, हे मोठ्यानं बाईंनी सांगायचं. वैशू, तू जागेवर बसून राहायचं. उत्तर बाई देतील.