आत्याबाईंना ऐकू आलेली गाडी

नणंदेच्या मुलीचा साखरपुडा मोहोपाड्याला होता. भिसेगावातून आम्ही सकाळीच निघालो. पुढे मी आणि नवरा, मागे त्याच्या आत्याबाई आणि पेढ्यांचे डबे. आत्याबाईंना ऐकू कमी येतं, इतकं की दाराशी ताशा वाजला तरी त्या निवांत तांदूळ निवडत बसतात.

चौक गावाच्या रस्त्यावर गाडी एका खड्ड्यात दणकन आपटली आणि ट्रॅक्टरसारखी ओरडायला लागली.

"सायलेन्सर फुटला वाटतं," मी म्हणाले.

"नुसत्या आवाजावरून निदान करायचं नसतं," नवरा म्हणाला. मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ बघून बघून त्याच्या बोलण्यात डॉक्टरकी आली आहे.

गाडी बाजूला घेऊन तो मागे उकिडवा बसला. धुराच्या नळीतून पाणी ठिबकत होतं.

"इंजिनात पाणी शिरलंय."

"अहो, रोज सकाळी ठिबकतं ते. वाफेचं पाणी होतं."

मग त्याने धुराचा वास घेतला, खोकला आणि म्हणाला, "ऑइल जळत नाहीये. पेट्रोल जळतंय."

"ते जळायलाच हवं ना?"

यावर त्याने माझ्याकडे फडकं मागितलं. नळीचं तोंड दाबून धरायचं, म्हणजे जिथे भोक असेल तिथे फुसफुसतं, अशी त्याची तपासणी होती. गाडीत फडकं नव्हतं. होता तो व्याह्यांच्या मानपानाचा नवा टॉवेल. नवऱ्याने तोच घडी करून नळीवर दाबला आणि मी साखरपुड्याची पैठणी सावरत चाकाशी कान लावून बसले. एक स्कूटरवाले आमच्यापाशी थांबले.

"काय कोंबताय हो आत?"

"तपासतोय," नवरा म्हणाला. तेवढ्यात इंजिन गुदमरून बंद पडलं. टॉवेलवर एक सुरेख काळं वर्तुळ उमटलं होतं.

आत्याबाईंनी खिडकीतून डोकं काढलं. "थांबलं का रं? मगापासनं माझ्या डाव्या पायाखाली फुरफुरत व्हतं. गुदगुल्या व्हत व्हत्या."

"मग सांगायचं नाही का?" नवरा ओरडून म्हणाला.

"मला वाटलं, तुमी कायतरी नवीन बसवलंय. लय वर्सांनी गाडी ऐकू आली मला."

डावीकडे वाकून पाहिलं, तर नळीचा जोड उसवला होता. धूर आत नको म्हणून सगळ्या काचा उघडल्या आणि आम्ही गर्जना करत हळूहळू चौकच्या गॅरेजात पोहोचलो. आत्याबाईंचे केस विस्कटले होते, पण चेहऱ्यावर वरातीला निघाल्यासारखा आनंद होता. मिस्त्रीने वेल्डिंग मारून पट्टी आवळली. समोरच्या दुकानातून मी दुसरा टॉवेल घेतला. आम्ही निघालो आणि बरंच अंतर गेल्यावर मागून डोळे मिटून बसलेल्या आत्याबाईंचा आवाज आला, "आता चालू कर की रं. किती वेळ बसायचं?"

मोहोपाड्याला पोहोचलो तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या. उशीर का झाला असं व्याह्यांनी विचारलं, तेव्हा नवऱ्याने सायलेन्सरबद्दल इतकं समजावून सांगितलं की बिचारे जेवणाचं ताट हातात धरून उभेच राहिले. शेजारी आत्याबाई, एक शब्दही ऐकू न येता, कौतुकाने मान डोलावत होत्या. मी श्रीखंड वाढून घेतलं आणि लांबची खुर्ची पकडली.