दुसऱ्या बटणावरची टेप

"ताई, बाही वर करा. हात दिसत नाहीये."

फोटोग्राफर म्हणाला. मी ऐकू न आल्यासारखं केलं. तेव्हा एचआरच्या मॅडम पुढं आल्या आणि त्यांनी माझी उजवी बाही स्वतःच गुंडाळली. नीट घड्या घालत, कोपरापर्यंत. विचारलं नाही. मनगटाच्या पुढं मला काही नाही, ते आता सगळ्यांना दिसलं. मॅडम दोन पावलं मागं सरकल्या. "हां, आता कसं इन्स्पायरिंग वाटतंय," म्हणाल्या.

लोणावळ्याच्या पलीकडं एका कड्याच्या पायथ्याशी आम्ही उभे होतो. सकाळची वेळ. आम्ही चौघं दोरावर चढणार होतो, चौघंही अपंग. कंपनीनं आमच्या गिर्यारोहण क्लबला दोर, हेल्मेटं, सगळं नवं घेऊन दिलं होतं. बदल्यात आमच्यावर फिल्म काढायची, सेफ्टी वीकला दाखवायला. मला पहिल्यापासून वाटत होतं, काहीतरी शिजतंय. माझा स्वभावच संशयी. कुणी फुकट चहा पाजला तरी मी आधी त्याच्या तोंडाकडं बघते.

आणि ही तर माझीच कंपनी. हिच्याच प्रेसखाली माझा हात गेला.

मी दापोडीची. बारावी झाल्यावर चाकणला कंत्राटी लागले. पॉवर प्रेसवर पत्रा ठेवायचा आणि दोन हातांनी दोन बटणं एकदम दाबायची, मग प्रेस खाली येते. दोन बटणं अशासाठी की दोन्ही हात बटणांवर असले तर एकही हात आत राहत नाही. साधी गोष्ट. पण त्यात वेळ जातो, टार्गेट निघत नाही. म्हणून सुपरवायझरनं एका बटणावर टेप गुंडाळली. ते बटण कायमचं दाबलेलं. मी म्हटलं, "सर, हे धोक्याचं आहे." तो म्हणाला, "एवढं काय त्यात? आजच्या दिवस चालव." तो आजचा दिवस चार महिने चालला.

एके दुपारी पत्रा वाकडा बसला. डावा हात बटणावर होता, उजव्या हातानं पत्रा सरळ करायला गेले. पुढचं सांगत नाही.

दवाखान्यात मी गुंगीत होते. कुणीतरी एका कागदावर माझ्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. मी बारावी पास बाई, माझा अंगठा! कागदावर काय होतं ते नंतर कळलं. 'माझ्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला.' बरी झाल्यावर मला स्टोअरमध्ये बसवलं. काम काय, तर कामगारांना हातमोजे वाटायचे. सुपरवायझर म्हणायचा, घाई केलीस. नातेवाईक म्हणायचे, लक्ष द्यायला हवं होतं. इतक्या जणांनी सांगितलं की शेवटी मलाही ते पटलं. तीन वर्षं मी धरून चालले की चूक माझी. याची मला आजही हात गेल्यापेक्षा जास्त लाज वाटते.

क्लबात गेले ती लोकांची कीव ऐकून कंटाळले म्हणून. रविवारी घोराडेश्वरच्या डोंगरावर सराव. थोटा हात कपारीत घालायचा, कोपर रुतवायचं, वजन पायांवर घ्यायचं. कातडं सोलून निघायचं. पण तिथं कुणी 'अरेरे' म्हणत नव्हतं.

क्लबाचा एक नियम होता. चढणाऱ्यानं स्वतःचं सामान स्वतः बघायचं, मग जोडीदारानं बघायचं. दोघांनी मोठ्यानं 'बरोबर' म्हटल्याशिवाय पाय उचलायचा नाही. माझे जोडीदार दत्तादादा. मोशीचे, जुन्या शेतकरी घरातले, जन्मापासून आंधळे. पहिल्या दिवशी मी मनात म्हटलं, आंधळा माणूस माझी गाठ तपासणार? म्हणजे जग माझ्याशी जसं वागत होतं तशीच मी त्यांच्याशी वागले. दादा बोटांनी दोराचा एकेक पदर चाचपायचे. डोळसाचं लक्ष इकडंतिकडं जातं, त्यांचं कधी जात नसे.

तर त्या सकाळी, बाही गुंडाळून झाल्यावर मॅडमना दिसलं की कमरेच्या पट्ट्याखाली जॅकेटवरचा कंपनीचा लोगो झाकला जातोय. मी घट्ट बांधलेला पट्टा त्यांनी सोडायला लावला. जॅकेट खाली ओढलं. मग त्यांनी आणि फोटोग्राफरनं मिळून पट्टा परत बांधला. वर माझ्या डाव्या हातात एक कागद दिला. "वर पोचलीस की कॅमेऱ्यासमोर हे वाचायचं. आम्ही पाठीमागच्या पायवाटेनं येतोय." मी तिथंच वाचला. पहिलंच वाक्य होतं, 'एका क्षणाच्या माझ्या चुकीमुळे मी माझा हात गमावला.'

मी कागद खिशात घातला. तेव्हाही मला फार काही वाटलं नाही. सवय झाली होती. पण त्या नादात पट्टा स्वतः बघायचा राहून गेला.

दत्तादादांनी माझी गाठ चाचपली. कडी चाचपली. मग बोटं कमरेच्या बक्कलवर आली आणि थांबली.

"थांबायचं. टोक उलटं ववलेलं न्हाई."

पट्ट्याचं टोक बक्कलमधून परत उलटं ओवायचं असतं. नाही ओवलं तर वजन पडल्यावर पट्टा सरकतो आणि माणूस खाली जातो.

मॅडम घड्याळाकडं बघत होत्या. "एवढं काय त्यात? ऊन चढतंय, शॉट जाईल. घट्ट आहे की!"

"तुमास्नी दिसतंय ना? मंग वाकून बघा," दादा म्हणाले. "मी 'बरोबर' म्हणणार न्हाई."

आमच्या क्लबचे सर शेजारीच होते. ते जमिनीकडं बघत राहिले. नवे दोर कंपनीचे होते ना.

एवढं काय त्यात. तेच शब्द, तोच सूर. मी तिथंच उभी राहिले आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुसरं बटण म्हणजे दुसऱ्यानं 'बरोबर' म्हणणंच होतं. ते माझ्या मशीनवरून काढून घेतलं होतं. आणि ज्यांनी काढून घेतलं तेच मला तीन वर्षं सांगत होते, चूक तुझी. मला राग आला. मी पट्टा सोडला, थोट्या हातानं दाबून धरून डाव्या हातानं पुन्हा ओवला. दादांनी चाचपला. "बरोबर." मीही म्हटलं, "बरोबर." मग बाही खाली ओढली आणि चढले.

वर मॅडम, फोटोग्राफर आणि कॅमेरा तयारच होते. मी कागद काढलाच नाही.

"माझा हात माझ्या चुकीनं गेला नाही," मी म्हणाले. "प्रेसच्या बटणावर टेप होती. ती सुपरवायझरनं लावली. हे वरपासून खालपर्यंत सगळ्यांना माहीत होतं."

मॅडम चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. हसून म्हणाल्या, "छान बोललीस. पण हे आपण कट करू. आता कागदावरचं वाच. पुढच्या महिन्यात तुझं परमनंटचं पत्र निघतंय."

"मी वाचणार नाही."

सेफ्टी वीकला फिल्म दाखवली, सगळ्या कामगारांसमोर. मी कड्यावर चढतेय, मागं संगीत. माझा आवाज कुठंच नाही. शेवटी पडद्यावर अक्षरं आली, 'चूक झाली, पण ती हरली नाही.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून मोठ्यानं म्हणाले, "हे खोटं आहे." टाळ्या थांबल्या. दुसऱ्या दिवशी हातात नोटीस. कंपनीची बदनामी केली म्हणून चौकशी.

मी कारखाना निरीक्षकाच्या कचेरीत टेपबद्दल तक्रारीचा अर्ज दिला. त्या कचेरीवरही माझा विश्वास नाही. पोचपावतीवर शिक्का पुसट उमटला होता, तो मी पुन्हा मारायला लावला. आई म्हणते, नोकरी जाईल गं. नोकरी मला हवीच आहे. गेली तर रडेन, आणि दुसरी शोधेन.

बुधवारी चौकशी आहे. माफीनामा लिहून दिलास तर विषय मिटेल, असा निरोप आलाय. देणार नाही. स्टोअरच्या खिडकीशी रोज नव्या मुली येतात, कुणी नांदेडची, कुणी बीडची. हातमोजे देताना मी प्रत्येकीला सांगते की दोन्ही बटणं मोकळी असल्याशिवाय प्रेसवर बसायचं नाही, आणि माझ्या बटणावर टेप कुणी लावली, ते नाव घेऊन सांगते. मला स्टोअरमधून काढलं तर गेटबाहेर उभी राहून सांगणार.