ठासलेली तोफ

हेमाताई शितोळे यांची सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात झाली. तोफेच्या दारूच्या कापडी पिशव्या भरायच्या, तोंड आवळून गाठ मारायची आणि पुढे सरकवायची. त्या पिशव्या पुढे कुठे गेल्या, उडाल्या की कुठल्या कोठारात तशाच पडून राहिल्या, हे त्यांना कधी कळलं नाही. विचारायची पद्धतही नव्हती. निवृत्तीनंतर वारज्याच्या फ्लॅटमध्ये दुपार सरेना, तेव्हा सुनेनं, चैतालीनं, पेपरातली जाहिरात त्यांच्यापुढे धरली. एका इतिहास मंडळाला संग्रहालयासाठी मदतनीस हवी होती.

मंडळाची दगडी इमारत मंडईपासून चालत जाण्याइतकी जवळ होती. खाली संग्रहालय, वर कचेरी आणि ग्रंथालय, अंगणात एक लांबलचक पितळी तोफ. मुलाखत चिटणीस गोपाळकृष्ण आपटे यांनी घेतली.

"इतिहासाची आवड आहे का?"

"शाळेत होती. पुढे वेळ मिळाला नाही."

"उत्तम. आवड असलेली माणसं वस्तूंना हात लावत सुटतात," आपटे म्हणाले, आणि नेमणूक झाली.

हेमाताई तिथे लवकरच रुळल्या. सकाळी दालनं उघडायची, काचा पुसायच्या, वर व्याख्यान असलं की चहाचं बघायचं. व्याख्यानानंतर म्हातारे सभासद एखाद्या तिथीवरून असे हमरीतुमरीवर येत, की जणू ती लढाई कालच झाली होती. तोफ पुसायचं काम मात्र हेमाताईंनी आपणहून घेतलं होतं. सहलीची मुलं तिच्यावर घोड्यासारखी बसून फोटो काढत. तिचं तोंड कधीचंच मातीनं बुजलं होतं आणि वरून गोळ्या-बिस्किटांचे कागद कोंबलेले होते.

गेल्या हिवाळ्यात तनया नावाची मुलगी जुन्या वस्तूंच्या जतनासाठी रुजू झाली. तिनं तोफेचं तोंड मोकळं करायला घेतलं. माती निघाली, कागद निघाले, आणि मग तिची वेताची काठी आत कशाला तरी अडली. तिनं काठी बाहेर काढून तोफेवर बाहेरून लावून पाहिली. पुन्हा आत घातली.

"हेमाताई, जरा येता का? काठी जायला हवी तेवढी आत जात नाहीये. बरीच जागा भरलेली आहे."

रोज सकाळी हेमाताई जिच्यावरून फडकं फिरवत होत्या, ती तोफ त्यांनी पहिल्यांदाच पाहिल्यासारखी पाहिली.

"ठासलेली आहे," त्या हळूच म्हणाल्या. "कुणीतरी भरून ठेवलीय."

आत शाळेची सहल होती. आपटे खाली आले, ऐकून घेतलं, आणि मुलांना स्वतः मागच्या बाजूनं बाहेर नेलं. "चला, मागचं दार सगळ्यांना बघायला मिळत नाही," असं ते म्हणत होते.

लष्कराचं पथक आलं. बत्तीच्या भोकातून पाणी सोडून त्यांनी तोफ भिजत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी लांब दांड्याच्या आकड्यानं आतलं एकेक बाहेर काढलं. आधी कापडाचा घट्ट बोळा, मग लोखंडी गोळा आणि शेवटी काळी दारू.

"ही कोरडी असती तर?" आपट्यांनी विचारलं.

"मधली कोरडीच निघाली, साहेब," पथकाचा प्रमुख म्हणाला.

हेमाताईंच्या डोळ्यांसमोर तोफेवर बसलेली ती सगळी मुलं येऊन गेली.

तो बोळा तनयानं वरच्या मजल्यावर हळूहळू ओला करत सोडवला. ते पागोट्याचं कापड होतं. मूळचा लाल रंग घड्यांच्या पोटात अजून शिल्लक होता. घाईत टरकावून त्याचा गोळा केलेला आणि त्याच कापडाच्या पट्टीनं बांधलेला. गाठ शाबूत होती. तनयानं ती सोडवली नाही. दिव्याखाली त्या गाठीभोवतीच्या चुण्या दिसत होत्या. कुणीतरी बोटांनी ओढून आवळल्या होत्या, आणि मग दोन शतकं तरी त्यांना कुणी हात लावला नव्हता.

हेमाताई दिव्याजवळ वाकल्या.

"भरली होती, मग डागली का नाही?" त्यांनी विचारलं.

आपट्यांकडे सगळ्या प्रश्नांना उत्तर असायचं. "माहीत नाही," ते म्हणाले. "हुकूम आला नसेल. समोरचे पळाले असतील, नाहीतर हा गाठ मारणाराच पळाला असेल. ते कळण्यासारखं नाही, हेमाताई."

ते कापड काचेच्या पेटीत मांडलं गेलं आणि त्या दालनाची जबाबदारी हेमाताईंकडे आली. एका रविवारी त्यांनी नाजिमाला बोलावलं. नाजिमा कारखान्यात वर्षानुवर्षं त्यांच्या शेजारी बसून गाठी मारणारी मैत्रीण. ती पेटीवर वाकली, चष्मा वर-खाली करत बराच वेळ बघत राहिली.

"हेमा, हा माणूस डावखुरा होता गं."

"कशावरून?"

"माझी गाठ अशीच पडायची. सुपरवायझर ओरडायचा, आठवतंय ना?"

हेमाताई पुन्हा पेटीवर वाकल्या. इतके दिवस त्या पेटीत एक कापड होतं. आता तिथे एक माणूस उभा होता, पागोटं अर्धं फाडलेला, उघड्या डोक्याचा, डाव्या हातानं घाईघाईत गाठ आवळणारा. त्याचं नाव कुणालाच कळणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तनयानं दोन्ही हातांनी तशा गाठी मारून पाहिल्या आणि आपट्यांना दाखवल्या. पेटीखालच्या माहितीत एक ओळ वाढली: बांधणारा बहुधा डावखुरा असावा.

"बहुधा?" हेमाताईंनी विचारलं.

"इतिहासात 'बहुधा'पेक्षा मोठी पावती मिळत नाही," आपटे म्हणाले, आणि पेटीसमोरून जाताना क्षणभर थांबून त्यांनी मान लववली.