आय पुश्ड सुपरवायझर

खडेबाजारात एका भांड्याच्या दुकानावर माझा इंग्लिश स्पीकिंगचा क्लास आहे. मी लंडनला चार वर्षं शिकवून आलोय, असं मी तिथं सांगत असतो. खरं म्हणजे माझा परदेश राज्याच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यापलीकडे सुरू होतो आणि कोल्हापुरात संपतो. पण लंडनचं धुकं मी असं वर्णन करतो की पहिल्या बाकावरच्या बाया पदर सावरून घेतात.

तर या लंडनमध्ये मी एक सूत्र शोधून काढलं होतं. आपली मराठी घ्या नाहीतर कानडी घ्या, क्रियापद बसच्या शेवटच्या सीटवर बसतं. सगळे चढले की मग ते चढणार. इंग्रजीत त्याला ड्रायव्हरशेजारी जागा लागते. म्हणून वाक्यातला पहिला शब्द पहिला, शेवटचा दुसरा आणि उरलेले मागं. मी आंबा खातो, आय ईट मँगो. संपलं इंग्रजी. हे ऐकून लंडनचे प्रोफेसर आठ दिवस जेवले नव्हते, असंही मी सांगायचो.

क्लासला वडगावची एक बाई यायची. घरात पिढ्यानपिढ्या साड्या विणायचे, पण माग बंद पडले तशी ती एका शिलाईच्या कारखान्यात तयार कपडे तपासायच्या टेबलावर लागली. पन्नाशीला आलेली, सगळे तिला आक्का म्हणत. कारखान्यात लाइन लीडरची जागा निघणार होती. काम तिला सगळं येत होतं, फक्त रोजचा रिपोर्ट इंग्रजीत लिहावा लागणार होता. तेवढ्यासाठी ती दोन बस बदलून यायची.

एक दिवस ती कोपराला पट्टी बांधून आली. खराब माल पास कर म्हणून सुपरवायझर मागं लागला, ही नको म्हणाली, तर त्यानं तिला टेबलावर ढकललं. ऑफिसातल्या मॅडम बाहेरच्या, त्यांना ना मराठी येत ना कानडी. तक्रार इंग्रजीत द्यायची होती. आक्कानं वहीत लिहून आणलं होतं : सुपरवायझर पुश्ड मी.

मी तेव्हा थेम्स नदीत पडलेल्या एका मेमला वाचवत होतो, म्हणजे क्लासला ते सांगत होतो. गोष्ट अर्धी टाकून मी वही बघितली.

"मराठीत सांगा आधी," मी म्हणालो.

"मला सुपरवायझरनं ढकललं."

"पहिला शब्द कुठला?"

"मला."

"मी काय आणि मला काय, सख्खे भाऊ. आय. शेवटचा?"

"ढकललं. पण सर, ढकलणारा तो. मग तो आधी नको व्हय?"

"आक्का, इंग्रजांनी कधी दुसऱ्याला आधी बसवलंय का?"

क्लास हसला. त्या हसण्यावर मी लाल पेनानं तिचं वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं : आय पुश्ड सुपरवायझर. मराठीतले 'ला' आणि 'नं', शब्द कुठंही ठेवले तरी, मारणारा कोण, मार खाणारा कोण ते सांगतात. इंग्रजीत ते सगळं जागेवर ठरतं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मला मेमला नदीतून बाहेर काढायची घाई होती.

चौथ्या दिवशी आक्का जिन्यात उभी. "घरी बसवलंय, सर. सुपरवायझर म्हणतोय, बाईनं सोताच कबूल केलंय. माझ्याच तक्रारीची झेरॉक्स दाखवतोय सगळ्यांस्नी."

मी जिन्यातूनच मागं फिरलो. तसाच तिच्याबरोबर कारखान्यात गेलो. मॅडमनी तो कागद पुढं ठेवला आणि हे यांना कुणी शिकवलं, असं विचारलं. आक्काच्या मांडीवर पिशवी होती. पिशवीत वही होती, वहीत माझं लाल पेन.

मी माझ्या लंडनच्या इंग्रजीत म्हणालो, "बाईंचं इंग्रजी कच्चं आहे. घाबरून उलटं लिहून गेल्या."

आक्कानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि खाली बघितलं. तेवढं इंग्रजी मीच तिला शिकवलं होतं.

मॅडमना पटलं. त्यांनी दुसरीकडून खात्री केली, सुपरवायझरला दुसऱ्या युनिटला पाठवलं, आक्काला कामावर घेतलं. लाइन लीडरची जागा मात्र दुसऱ्या बाईला गेली. एवढी साधी ओळ उलटी लिहिणारी रिपोर्ट काय लिहिणार, असं मॅडम म्हणाल्या म्हणे.

"वही पिशवीत हुती, सर," आक्का नंतर म्हणाली.

"माहीत होतं."

"काढली न्हाय. इतकी पोरं येत्यात तुमच्याकडं."

पुढच्या सोमवारी मी फळ्यावर लिहिलं : सुपरवायझर पुश्ड मी. म्हणालो, "हे वाक्य आक्कांनी बरोबर लिहिलं होतं. मी ते चुकवलं, आणि वर मॅडमसमोर चूक त्यांच्याच गळ्यात मारली. लंडनलाही मी कधी गेलो नाही."

सगळा क्लास खदखदून हसला. त्यांना वाटलं, सरांनी आज नवीनच थाप काढली. मागून कुणीतरी म्हणालं, "सर, त्या मेमचं काय झालं ते सांगा की."

आक्का हसली नाही. ती वहीत फळ्यावरचं उतरवून घेत होती. मी खडू धरून तसाच उभा राहिलो. हे सगळं मॅडमच्या केबिनमध्ये बोलायला हवं होतं. तिथं कुणी हसलं नसतं.